कळफलक कोणाच्या ताब्यात?

इतिहास म्हटला म्हणजे राज्यांची उलथापालथ, तहनामे आणि सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या साधनांवर आपला रोजचा व्यवहार चालतो त्यांनाही इतिहास असतो; आणि ती साधने अडून बसली म्हणजे तो इतिहास ठाऊक नसल्याची किंमत रोख मोजावी लागते. वसंतातल्या या ज्ञानसत्रात अशाच एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाचा कळफलक.

प्रसंग पुष्कळांच्या परिचयाचा असेल. युनिक्स या प्रणालीच्या वळणावर बांधलेली लिनक्ससारखी एखादी प्रणाली चालू आहे. माणूस चित्रमय पडद्यावर काम करतो आहे. काही कारणाने त्याला अक्षरांच्या साध्या पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, जावयाचे असते. तो कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ या कळा एकदम दाबतो. पडदा बदलतो, किंवा काळा होतो, किंवा आहे तसाच राहतो. आणि त्यापुढे कोणतीही कळ दाबली तरी यंत्र हूं की चूं करीत नाही. पाच मिनिटे वाट पाहून तो वीज तोडतो. न साठविलेले लिखाण जाते, अर्धवट उतरलेला हिशेब जातो, आणि कधी कधी तबकडीवरची नोंदच विसकटते. ‘कीबोर्ड बिघडला’ असा निकाल देऊन तो मोकळा होतो.

आमचे म्हणणे असे की, हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. कळा शाबूत असतात, तारही शाबूत असते. बिघडलेला असतो तो ताबा. कळफलक या क्षणी कोणाच्या स्वाधीन आहे आणि तो दुसऱ्याच्या स्वाधीन कसा व्हावयाचा, हा तंटा त्या यंत्राच्या पोटात चालू असतो. हा तंटा एका दिवसात उद्भवलेला नाही. त्याला साठ वर्षांची पूर्वपीठिका आहे, आणि ती समजली म्हणजे उपायही आपोआप सुचू लागतात.

आरंभ तारयंत्रापासून करावा लागतो. १९६३ साली टेलिटाइप कंपनीचे ‘मॉडेल ३३’ हे यंत्र बाजारात आले. आपल्याकडे तारघरांत आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर खडखडत असत, त्याच जातीचे हे यंत्र. ते सेकंदाला सुमारे दहा अक्षरे कागदावर उमटवी, आणि तीही केवळ मोठी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली, तेव्हा माणूस आणि संगणक यांच्यामधील संभाषण असल्याच यंत्रांतून होत असे. त्या टेलिटाइपचे लघुरूप ‘टीटीवाय’. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. परंतु आजच्या प्रत्येक लिनक्स यंत्रात कन्सोलचे नाव ‘टीटीवाय १’, ‘टीटीवाय २’ असेच आहे. यंत्र गेले, नाव उरले. आणि नावाबरोबर एक सवयही उरली.

ती सवय अशी. त्या यंत्राला छिद्रांच्या कागदी फितीचा वाचक जोडलेला असे. फीत थांबविण्यासाठी एक संकेत आणि पुन्हा चालू करण्यासाठी दुसरा संकेत, अशी व्यवस्था होती. थांबविण्याचा संकेत अनुक्रमांक १९, चालू करण्याचा १७. इंग्रजी वर्णमालेत एस हे एकोणिसावे अक्षर आणि क्यू हे सतरावे. म्हणून कंट्रोलसह एस दाबले की थांबा आणि कंट्रोलसह क्यू दाबले की चला. फीत केव्हाच नाहीशी झाली, पण हा करार युनिक्सच्या टीटीवाय व्यवस्थेत अद्यापि जिवंत आहे. कन्सोलवर काम करताना ‘साठवा’ या अर्थाने सवयीने कंट्रोल-एस दाबले जाते आणि पडदा थिजतो. टंकलेले काहीच दिसत नाही. माणसाला वाटते, कळफलक मेला. वास्तविक त्यानेच यंत्राला ‘थांब’ म्हणून सांगितलेले असते. कंट्रोल-क्यू दाबताच सारे पूर्ववत चालू होते.

१९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘व्हीटी १००’ हे पडद्याचे टर्मिनल काढले. त्याच्या कळफलकावर हेच थांबा-चला करणारी स्वतंत्र कळ होती. शिवाय एक लहानसा दिवाही होता, आणि कळफलक बंद झाला असता तो पेटत असे. ही गोष्ट किरकोळ नव्हे. कुलूप लागले आहे हे माणसाला सांगण्याची जबाबदारी त्या काळच्या रचनाकारांनी आपल्या अंगावर घेतली होती. त्या वेळी एक टर्मिनल, एक तार आणि एक माणूस असा सरळ हिशेब होता. ताब्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न घरगुती संगणकाबरोबर आला. आयबीएमचा पीसी १९८१ साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती ‘एटी’ १९८४ साली. या यंत्रांचा कळफलक अक्षर पाठवीत नाही. अमुक क्रमांकाची कळ खाली गेली आणि अमुक क्रमांकाची कळ वर आली, एवढीच वर्दी तो देतो. त्या वर्दीतून अक्षर बनविणे हे आतल्या प्रणालीचे काम. एटीमध्ये ही वर्दी घेण्यासाठी ८०४२ नावाची एक लहान चिप बसविली होती. ती एक वर्दी हाती घेते, मुख्य प्रोसेसरला हाक मारते, आणि ती वर्दी उचलली जाईपर्यंत पुढची पोचवीत नाही. एखादी हाक वाया गेली आणि वर्दी तशीच पडून राहिली, तर सारा कळफलक स्तब्ध होतो. ज्यांना केवळ शब्दशः कुलूपच हवे असेल त्यांच्यासाठी एटीच्या दर्शनी बाजूस खरेखुरे किल्लीचे कुलूपही होते; किल्ली फिरविली की कळफलक बंद!

आता एका माणसाच्या एका यंत्रावर युनिक्स चालवावयाची, तर एकच पडदा पुरेना. तेव्हा आभासी कन्सोलांची युक्ती निघाली. कळफलक एक, पडदा एक, पण कामाच्या खोल्या अनेक. लिनस टोरवाल्ड्स याने हेलसिंकी येथे १९९१ साली लिनक्सची घोषणा केली आणि पुढच्याच जानेवारीत, १९९२ मध्ये, निघालेल्या ०.१२ या आवृत्तीत ही सोय आली. डावी आल्ट कळ आणि एखादी एफ कळ दाबावी, की दुसऱ्या खोलीत प्रवेश.

येथे पहिली अडचण उभी राहिली. आल्ट दाबली जाते ती एका खोलीत आणि सुटते दुसऱ्या खोलीत. ‘कळ खाली गेली’ ही वर्दी पहिल्या प्रोग्रॅमला मिळालेली असते, ‘कळ वर आली’ ही मात्र मिळालेली नसते. परत आल्यावर तो प्रोग्रॅम समजतो की आल्ट अद्यापि दाबलेलीच आहे. आणि साधे अक्षर टंकले तरी तो त्याची काही भलतीच आज्ञा करून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला कळफलक गोठल्यासारखा दिसतो. उपाय अगदी सोपा आहे. कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट या कळा, डावीकडच्या आणि उजवीकडच्याही, एकेकदा दाबून सोडाव्यात. राहून गेलेली वर्दी पोचते आणि काम सुरू होते.

खरा पेच पडला तो चित्रमय पडद्यामुळे. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत १९८४ साली ‘एक्स’ ही खिडक्यांची व्यवस्था सुरू झाली; तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली, आणि १९९२ पासून ‘एक्सफ्री८६’ या उपक्रमाने ती घरगुती यंत्रांवर रुजविली. हा एक्स सर्व्हर मोठा मानी पाहुणा होता. प्रणालीच्या गाभ्याने, ज्याला कर्नेल म्हणतात त्याने, कळांची अक्षरे करून द्यावीत हे त्याला पसंत नव्हते. तो म्हणे, मला वर्दी कच्ची द्या, तिचा अर्थ मी लावीन. तेव्हा कर्नेलने कळफलकाच्या अवस्था ठरविल्या : एक कच्ची, एक अर्धकच्ची, एक साध्या अक्षरांची, एक युनिकोडची. एक्स सुरू होताच कळफलक कच्च्या अवस्थेत जाई आणि एक्स रीतसर संपला म्हणजे पूर्वस्थितीत येई. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. त्याचा कारभार बहुतांशी एक्सच पाही, आणि जाताना अक्षरांचा पडदा पूर्ववत मांडून देणे हेही त्याच्याच प्रामाणिकपणावर सोपविलेले होते.

खोली बदलण्याचा विधी कसा चाले, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण सर्व रोगांचे मूळ तेथेच आहे. कच्च्या अवस्थेत कर्नेल कळांचा अर्थ लावीत नाही. म्हणजे कंट्रोल-आल्ट-एफ ३ दाबले, तरी ते ओळखून ‘मला तिसऱ्या कन्सोलवर न्या’ अशी विनंती कर्नेलकडे करणारा एक्सच! मग कर्नेल एक्सला एक संकेत पाठवितो : तुझा ताबा सोड. एक्स आपले आवरतो आणि ‘सोडला’ असे कळवितो. त्यानंतरच खोली बदलते. आपल्या सरकारी कचेऱ्यांत बदली झालेला अधिकारी चार्ज देतो आणि नवा घेतो, तसाच हा प्रकार आहे. चार्ज दिल्याखेरीज दप्तराला हात लावता येत नाही.

आता हा अधिकारी अकस्मात मरण पावला, तर? कर्नेलने त्याची तरतूद केलेली आहे. संकेत पाठविण्यास गेले आणि ताबेदार प्रोग्रॅम हयातच नाही असे आढळले, तर कर्नेल तो ताबा परस्पर आपल्याकडे घेतो आणि खोली बदलतो. पण अधिकारी हयात आहे, खुर्चीवर बसलेला आहे, आणि हाक मारली तर ओ देत नाही, अशी स्थिती असेल तर कर्नेल वाट पाहत राहतो. मेलेल्याचा वारसा लागतो. गप्प बसलेल्याचा लागत नाही. कन्सोल बदलताना होणाऱ्या कळफलकाच्या गोठण्याचे मर्म या एका वाक्यात आहे. त्यातून तीन प्रकार संभवतात. एक्स गोठलेला असेल, तर त्याच्याविरुद्धची तक्रारही त्याच्याच हातून जावयाची, त्यामुळे ती कर्नेलपर्यंत पोचतच नाही. एक्सला बळाने ठार केले असेल, तर कळफलक कच्च्या अवस्थेतच राहतो आणि कन्सोल त्याची भाषा ओळखीत नाही. आणि एक्सने ताबा सोडला पण पडदा पूर्ववत मांडला नाही, तर कळफलक जिवंत असूनही पडदा आंधळा, म्हणून तो मेल्यासारखा भासतो.

हे अन्यायाचे राज्य कोणी तरी मोडणे आवश्यक होते. १९९७ साली मार्टिन मारेश याने, पावेल माखेक याच्या कल्पनांच्या आधारे, लिनक्सच्या कर्नेलमध्ये एक राखीव वाट घातली. आयबीएमने १९८४ साली एटीच्या कळफलकावर ‘सिस्टिम रिक्वेस्ट’ नावाची एक कळ दिली होती. तिचा कोणी फारसा उपयोग करीत नसे. पुढे ती प्रिंट स्क्रीनच्या कळीवर जाऊन बसली. मारेश याने तीच उचलली. आल्ट आणि ही कळ धरून एखादे अक्षर दाबले, तर ती वर्दी कोणाही प्रोग्रॅमकडे जाण्यापूर्वी कर्नेल स्वतः ऐकतो. आर दाबले की कळफलक कच्च्या अवस्थेतून अक्षरांच्या अवस्थेत येतो. के दाबले की चालू कन्सोलवरचे सर्व प्रोग्रॅम समाप्त होतात. एस दाबले की स्मरणातला मजकूर तबकडीवर उतरतो, यू दाबले की तबकड्या केवळ वाचण्याजोग्या होतात, आणि बी दाबले की यंत्र नव्याने सुरू होते. राजवाड्यात कितीही कारस्थान असो, रयतेची घंटा थेट राजाच्या कानाशी बांधलेली असावी, अशी ही व्यवस्था आहे.

मात्र घंटेलाही पहारा आहे. यंत्राजवळ येणारा कोणीही उपटसुंभ ही कळ दाबून दुसऱ्याचे काम मोडील, या भीतीने कित्येक लिनक्स वितरणांत तिचे काही अधिकार काढून घेतलेले असतात. कोणते अधिकार चालू आहेत, हे कर्नेलच्या ‘सिसआरक्यू’ या नोंदीतील एका आकड्यावरून कळते. १ म्हणजे सर्व अधिकार, ० म्हणजे एकही नाही. इतर आकडे बेरजेने बनतात आणि त्यांत ४ हा वाटा कळफलकाच्या नियंत्रणाचा असतो. तो वाटा नसेल, तर आर आणि के या कळा ऐन वेळी निरुपयोगी ठरतात.

दरम्यान मूळ दुखण्यावरही इलाज सुरू झाला. मार्च २००९ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत पडद्याची मांडणी कर्नेलने स्वतःच्या हाती घेण्यास प्रारंभ केला, प्रथम इंटेलच्या ग्राफिक्ससाठी. अक्षरांचा पडदा परत मिळविण्यासाठी एक्सच्या मर्जीवर विसंबण्याचे कारण राहिले नाही. कळफलकाच्या बाबतीत एक्स पुढे थेट उपकरणांच्या फायलींतून वर्दी वाचू लागला. पण तीच वर्दी खालच्या टीटीवायकडेही जाऊ लागली, तेव्हा २०११ साली ‘बंद’ ही आणखी एक अवस्था कर्नेलमध्ये आली. २०१३ साली निघालेल्या ३.१२ या आवृत्तीत तर कर्नेलने दिलेला ताबा काढून घेण्याची सोय झाली. सत्र सांभाळणारा एक स्वतंत्र कारभारी प्रोग्रॅमांना कळफलक उसना देतो आणि खोली बदलताच परत घेतो. घेणाऱ्याची संमती लागत नाही.

फ्रीबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या वंशजाची कथाही अशीच बोलकी आहे. तेथे पडद्याची मांडणी कर्नेलकडे आली, पण ‘सिसकॉन्स’ हा जुना कन्सोल तिच्याशी जुळेना. चित्रमय पडद्यावर गेलेला माणूस अक्षरांच्या पडद्यावर परत येऊच शकत नसे. तेव्हा ‘व्हीटी’ नावाचा नवा कन्सोल लिहावा लागला. तो २०१४ साली ९.३ आणि १०.१ या आवृत्त्यांत आला आणि २०१६ सालच्या ११ व्या आवृत्तीपासून तोच रूढ झाला. एका सुधारणेने दुसरी अडचण निर्माण व्हावी आणि तिने तिसरी सुधारणा घडवावी, हा इतिहासाचा नेहमीचाच क्रम आहे. नव्या राज्यातही दुखणे समूळ गेलेले नाही. सत्राचा कारभारीच अडखळला, तर कळफलक कोणाच्याच पदरात नाही, असा मधला काळ येऊ शकतो.

एवढा इतिहास ऐकल्यावर व्यवहाराची रीत सांगणे क्रमप्राप्त आहे. कळफलक गोठला असे वाटले की वीज तोडू नये. अक्षरांच्या पडद्यावर असाल तर प्रथम कंट्रोल-क्यू दाबावे. नंतर कंट्रोल, आल्ट, शिफ्ट या कळा एकेकदा दाबून सोडाव्यात. मग कॅप्स लॉक दाबून तिचा दिवा पाहावा. दिवा बदलला, तर कळफलकाचा सध्याचा ताबेदार जिवंत आहे. दोष पडद्याचा किंवा एखाद्याच खिडकीचा असेल. दिवा बदलत नसेल, तर ताबेदार गोठला आहे किंवा वर्दीच पोचत नाही. यूएसबीचा कळफलक असेल तर तो काढून पुन्हा जोडून पाहावा. तबकडीचा दिवा एकसारखा लुकलुकत असेल, तर स्मरण अपुरे पडून यंत्र धापा टाकीत आहे असे समजावे आणि धीर धरावा. आणि दिवे आपले आपणच एका लयीत मिचकू लागले, तर कर्नेलच कोसळला आहे. तेथे मात्र उपाय चालत नाही.

कर्नेल जिवंत असेल, तर सिस्टिम रिक्वेस्टसह आर दाबून पुन्हा कन्सोल बदलून पाहावे. ताबेदार मेलेला असेल तर एवढ्याने वाट मोकळी होते. तो केवळ गप्प बसला असेल तर होणार नाही. घरात दुसरे यंत्र असेल आणि जाळ्यावरून या यंत्रात शिरण्याची सोय असेल, तर तेथून काम साठवून, नोंदी वाचून, गोठलेल्या प्रोग्रॅमला समाप्त करावे आणि ‘सीएचव्हीटी’ या आज्ञेने कन्सोल बदलावा. कच्चा राहिलेला कळफलक ‘केबीडी मोड’ या आज्ञेने रुळावर येतो. पण ती आज्ञा अशा प्रसंगापुरतीच आहे. धडधाकट चाललेल्या चित्रमय पडद्याखाली ती दिली, तर कळफलक निकामी व्हावयाचा, किंवा गुपचूप टंकलेली अक्षरे खालच्या कन्सोललाही पोचावयाची. दुसरे यंत्र नसेल, तर के. तेही न चालले, तर एस, यू आणि बी, याच क्रमाने आणि प्रत्येकीनंतर थोडे थांबून. न साठविलेले लिखाण याने वाचत नाही, परंतु तबकडीवर उतरलेले तरी सुखरूप राहते.

या साठ वर्षांत कळफलकाच्या राज्यात जी क्रांती झाली ती वेगाची नव्हे. ज्याला वस्तू वापरावयाची आहे त्याच्याच हाती तिची मालकी आणि न्यायनिवाडाही सोपवू नये, हे तत्त्व तेथे हळूहळू, नुकसान सोसून, प्रस्थापित झाले. आधी सारी भिस्त पाहुण्याच्या सौजन्यावर होती. आता मध्यस्थ निःपक्षपाती आहे, आणि घरच्या धन्यासाठी एक राखीव दरवाजा ठेवलेला आहे. पण तो दरवाजा उघडतो की नाही हे कळफलक गोठल्यावर पाहण्यात काय हशील? ज्यांच्या घरी अशी प्रणाली आहे त्यांनी घरी गेल्यावर, कळा चालू असतानाच, ती एका आकड्याची नोंद उघडून पाहावी, आणि बेरजेत ४ चा वाटा आहे की नाही याची खातरजमा करून घ्यावी.